पाडव्याला आलेला पाहुणा

५ जुलै ९३, सोम.
आज अकरा एक्स-रे फिल्म. त्यातल्या तीन उघड मारहाणीच्या, तिन्ही रजिस्टरात 'पडून'. चौथी एक बाई, दोन बरगड्या. नवरा म्हणाला, ओट्यावरून पडली. ओटा किती उंच, हे कोणी विचारत नाही. सोबत आलेला माणूस सांगेल ते कारण लिहायचं, ही इथली रीत. मला मशीन चालवायला नेमलंय.
शेवटी एक परदेशी विद्यार्थी, व्हिसाच्या कागदांसाठी छातीची फिल्म. नायजेरियाचा, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. नाव फेमी. "श्वास रोखा" म्हटलं तर म्हणाला, "गेल्या महिन्यापासून माझा अख्खा देश रोखून बसलाय." हसले नाही. उंची फार, फिल्मची कॅसेट दोनदा वर घ्यावी लागली. पाठीवर जुने दोन वळ. छाती स्वच्छ.

१२ जुलै
फेमी रिपोर्ट न्यायला आला. मी न विचारता सांगून गेला: जूनमध्ये त्यांच्याकडे निवडणूक झाली, वडील उन्हात चार तास उभे राहिले, मत दिलं. लष्करानं निकालच रद्द केला. "तुमच्याकडे पडलेला उमेदवार रडतो. आमच्याकडे निवडून आलेला."
या वेळी हसले. तोंड फिरवून.

८ ऑगस्ट, रवि.
जळगावच्या खोलीवरून असोद्याला घरी. दुपारी दादानं केळीच्या बागेत एका मजुराला मारलं. घड खांद्यावरून निसटला म्हणून. पुढचे दोन दात. मजूर थुंकला, दात मातीत शोधत राहिला. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, बाग तोच बघतो. आबा, आमचे वडील, बांधावर बसले होते. आबांनी पान लावलं.
वहिनीनं दादाला जेवायला वाढलं, हाताला हळद लावून दिली. मारताना बोटं सुजली होती.

२१ ऑगस्ट
दवाखान्यासमोर चहा, फ. बरोबर. माझे नियम: वीस मिनिटं, रस्त्याकडचं टेबल, माझा चहा मी घेणार. त्यानं तिन्ही मान्य केले आणि चौथा घातला, मी एकदा तरी हसायचं.
वळांची गोष्ट त्यानंच सांगितली. बसच्या रांगेला शिस्त लावायला शिपाई असतात, हातात कोबोको, चामड्याचा चाबूक. "मला दोन बसले. मी ओरडलो. मागचा माणूस म्हणाला, ओरडायचं असेल तर रांगेत ये, माझा नंबर आधी आहे."
हे सांगताना स्वतःच इतका हसला की दुकानातले सगळे बघायला लागले. मार खाल्ल्याची गोष्ट इतक्या आनंदानं सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता. आमच्याकडे मारणारे सांगतात.

४ सप्टें.
आज विषय: पहाटे रेडिओवर लष्करी बँड लागला की राज्य बदललं समजायचं. त्याची आई आधी त्याला मीठ-तांदूळ आणायला पिटाळते, कोण जनरल आला ते नंतर विचारते. "जनरलचं नाव पाठ करायचं नाही. दुकानदाराचं करायचं."
मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय? म्हणाला, "रडण्यासारखं सगळं आधीच रडून झालंय."

१९ सप्टें., रवि.
भुसावळहून स्थळ आलं होतं. रेल्वेत क्लार्क. पोहे झाले. त्यानं एकच प्रश्न विचारला: "दवाखान्यात पुरुषांचेही फोटो काढावे लागतात का?" मी म्हटलं, हाडांचे. त्याच्या आईनं बशी खाली ठेवली.
ते गेल्यावर दादानं कानाखाली मारली. एकच. डाव्या कानात अजून शिट्टी वाजते आहे.

२२ सप्टें.
फ.ला पोह्यांचं सांगितलं, थप्पड सोडून. चहा त्याच्या नाकातून आला. त्याचं मत: तुम्ही अर्ध्या तासात माणूस पास-नापास करता, ही परीक्षा आमच्याकडे कोणीच पास होणार नाही. तिथे मुलीनं पहिल्याच दिवशी हो म्हटलं तर मुलगा घाबरून पळतो. निदान तीनदा अपमान व्हायला हवा. मग मुलीचे भाऊ. त्यांना खाऊ-पिऊ घालायचं, शिव्या ऐकायच्या. "भाऊ हसला की अर्धं लग्न झालं."
माझा भाऊ हसत नाही, म्हटलं.
"मग मी अर्धंच मागेन."
बिल माझं मी दिलं. अपमान क्र. एक, असं तो मोठ्यानं म्हणाला.

२३ ऑक्टो.
त्याला दिवाळी बघायची आहे. दोनदा नाही म्हटलं. आज तिसऱ्यांदा विचारलं. म्हटलं ये. पाडव्याला, भर दुपारी, एक तास, आबा घरी असतील. पाडवाच का, तर त्या दिवशी एक्स-रे विभाग बंद. मी सुट्टी पाहिली. काही सुटलं असेल म्हणून पुन्हा वाचलं. काही चुकीचं दिसत नाही.

१४ नोव्हें., पाडवा
क्रमानं लिहिते. नाहीतर लिहिता येणार नाही.
१.१० ला बसमधून उतरला. इस्त्रीचा पांढरा शर्ट. हातात पिशवी. गल्लीतून घरापर्यंत मागे वीसेक माणसं.
पिशवीत टोपी, टॉवेल, नारळ. जळगावच्या दुकानदारानं विचारलं, कोणाच्या घरी? हा म्हणाला, मैत्रिणीच्या वडिलांकडे, पहिल्यांदाच, सणाला. दुकानदारानं आपल्या समजुतीनं बांधून दिलं. सोयरिकीचा आहेर, आणि तोही पाडव्याला, जावई येतो त्या दिवशी. मी सुट्टी पाहिली होती, सण नाही.
आबांच्या पुढ्यात त्यानं पिशवी ठेवली आणि अंगणात पालथा आडवा झाला. सरळ, हात बाजूला, कपाळ मातीला. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना असंच करतात, हे त्यानं मला पूर्वी सांगितलं होतं. मी ते गावाला सांगितलं नव्हतं.
आबा गडबडून उभे राहिले. "उठ बापा, उठ."
मागून कोणीतरी ओरडलं, "आबा, जावाई आला ना पाडव्याले! काया जावाई!" काया, म्हणजे काळा. मग सगळेच हसले. फ.ही हसला. त्याला वाटलं, भाऊ हसले.
दादा हसत नव्हता. तो गोठ्याकडे गेला. मोटारीचा जुना पाईप, सव्वा इंची. हे मी पाहिलं. मी ओरडले नाही. मला वाटलं, दाखवायला आणला असेल. एवढं मी लिहून ठेवते.
पहिला फटका फ. उठत असताना, त्यानं डावा हात कपाळासमोर धरला. हाड मोडल्याचा आवाज मी रोज हाडं बघूनही कधी ऐकला नव्हता. तुरीची वाळली तुरखाटी मोडावी तसा. दुसरा जबड्यावर. मग इतरांचे पाय. टॉवेल कोणीतरी त्याच्या गळ्यात घातला आणि ओढला. "उठव नवरदेवाले!" नारळ त्याच्या डोक्यावर फोडायला उचलला होता, म्हातारी शेजारीण मध्ये आडवी पडली म्हणून वाचला.
आबा ओट्यावर. सगळा वेळ.
केळीच्या टेम्पोत घालून मीच दवाखान्यात आणलं. ४.०५ ला फिल्म. सुट्टीच्या दिवशी मशीन मीच चालू केलं. डाव्या हाताचं कोपराखालचं, करंगळीकडचं लांब हाड, बरोबर मध्ये, आडवं. असं हाड पडून मोडत नाही. पडणारा तळहात टेकतो, मनगट मोडतं. हे वार अडवणाऱ्याचं हाड आहे. दोन बाजूंनी घेतली. जबड्याच्या तीन.
डॉक्टर म्हणाले, "कारण?" दादाचा मित्र दारात होता, तो म्हणाला, "टेम्पोतून पडला."
डॉक्टरांनी लिहिलं.

१५ नोव्हें., भाऊबीज
घरी गेले नाही. ओवाळायला न येणारी बहीण असं गावात झालंच असेल.
फ.चे दोन देशबंधू धुळ्याला शिकतात. येऊन त्याला घेऊन गेले, तिकडच्या मोठ्या दवाखान्यात. इथे त्याच्या खाटेभोवती दादाची माणसं फिरत होती. जाताना तो काही बोलू बघत होता. जबडा हलत नव्हता, त्यातून रक्त आणि 'अपमान' असा काहीसा शब्द.

१८ नोव्हें.
त्याच्या देशात पुन्हा नवा जनरल. रेडिओवर ऐकलं, दीड मिनिट.
संध्याकाळी दादा माझ्या खोलीवर आला, टाईप केलेला कागद घेऊन. फिर्याद. फिर्यादी मी. सदर परदेशी इसमानं माझा हात धरला, लज्जा उत्पन्न होईल असं वर्तन केलं, भावानं अटकाव केला असता इसम पळताना पडला. खाली सहीची जागा.
त्याचे देशबंधू ठाण्यात जाऊन आलेत, म्हणून हे. मी सही केली तर फ. आत, नंतर देशाबाहेर. नाही केली तर दादा आत. मध्ये काही नाही.
"वाच आनि कर सही."
वाचलं. म्हटलं, यात एकही वाक्य खरं नाही.
त्यानं पेन माझ्या बोटांत घातलं, वरून मूठ आवळली, आणि पिळली.

१९ नोव्हें. (डाव्या हातानं)
स्वतःची फिल्म स्वतः. उजव्या हाताचं मधलं बोट, तिरकी लांब रेघ, पिळल्याची. बटण डाव्या हातानं दाबलं. सुलभाताई, आमच्या सिस्टर, रजिस्टर घेऊन उभ्या. "काय लिहू गं?"
"भावानं मोडलं."
त्यांनी दाराकडे पाहिलं. मग लिहिलं. अक्षर त्यांचं बारीक असतं, हे मुद्दाम मोठं होतं.
दादा सही करायचा हातच मोडून गेला. असली चूक तोच करू जाणे.

२२ नोव्हें., सोम., धुळे
पहिली बस. पिशवीत फ.च्या पाच फिल्म. डॉक्टरांना सांगून आणल्या. ते म्हणाले, मी काही पाहिलं नाही.
वॉर्डात मावशी म्हणाली, "ताई, तो बोलस नई. जबडा तारघाई बांधेल शे." जबडा तारेनं आवळलेला, नळीनं दूध पितो. डोळा अजून बंद. पाच महिने एका क्षणासाठीही गप्प न बसलेला माणूस. उशाशी वही आणि पेन्सिल.
त्यानं लिहिलं: तुझं बोट?
म्हटलं, माझाही अपमान क्र. एक झाला म्हणायचा.
हसायला गेला आणि तार टोचली. डोळ्यांतून पाणी. त्याला हसवणं म्हणजे आता मारणंच आहे. डोळे पुसायला नेलेला हात मागे घेतला.
मग मी विचारायचं ते विचारलं. अंगणात आडवा झालास तो नुसता आदर होता की मागणी? कारण ठाण्यात हे विचारतील आणि मला खरं सांगावं लागेल.
त्यानं वही ओढली. लिहिलं: आमच्याकडे आडवं व्हायची रीत एकच आहे. आधी आदर. बाप उठ म्हणाला नाही, तर पुढचं बोलायचं नसतं.
खाली: तुझे वडील उठ म्हणाले.
आणखी खाली: भावावर केस करू नकोस. मी घरी जाईन. तिथे मारणारे ओळखीचे आहेत.
हा विनोद होता की नव्हता कळलं नाही. पान फाडून मागितलं नाही. त्यानंही दिलं नाही.

२५ नोव्हें.
वहिनी खोलीवर. सातवा महिना. उंबऱ्यातच बसली. "ताई, ते जाईन जेलात. मंग मी काय करू? बाग कोन पाह्यीन?"
मी चहा केला. डाव्या हातानं सांडला.
"तुम्हाले तो काया पाह्यजे का?"
म्हटलं, वहिनी, मला कोण पाहिजे हा प्रश्नच नाही. पाईप कोणी उचलला हा आहे.
ती उंबऱ्यातून आत सरकली. मग पदर बाजूला करून दंड दाखवला. पिवळे पडलेले चार ठसे, बोटांच्या अंतराचे. आठ-दहा दिवसांचे असतील, रंगावरून. "तरी म्हनते, वाचवा त्याले," म्हणाली. चहा तसाच ठेवून गेली.
आबा आले नाहीत. निरोपही नाही.

२९ नोव्हें., सोम. ठाण्यात, बाकावर. ५.३५
सकाळी अकरापासून इथे. साहेबांनी दोन कागद पुढे ठेवले. एक दादाचा टाईप केलेला, दुसरा कोरा. "बाई, भाऊ आहे. विचार करा. गावात परत तोंड दाखवायचंय."
कोरा ओढला. मी सांगितलं, हवालदारानं लिहिलं. पाईप, सव्वा इंच. १.१० पासून पुढे. मी ओरडले नाही, हेही. तो म्हणाला, हे कशाला? म्हटलं, घडलं म्हणून. बोटाला पट्टी, सही होईना. अंगठा दिला. नाव लिहिता येणाऱ्या घरातला पहिला अंगठा.
साहेब फिल्म उजेडाकडे धरून बघत होते, उलटी. सरळ करून दिली.
"हाड बोलतं हे खरं. पण कोर्टात माणूस लागतो. दुसरा साक्षीदार?"
"आबा. माझे वडील. ओट्यावर होते."
"ते बोलतील?"
मला माहीत नसलेलं मी सांगत नाही.
४.१० ला जीप आबांना आणायला असोद्याला गेली. साडेचारला दादा आला, मोटरसायकल फाटकाशी लावून तिथेच उभा. आत यायला कोणी सांगितलं नाही, जायलाही नाही. एकदा माझ्याकडे बघितलं. पट्टीकडे. मग रस्त्याकडे. हवालदार त्याला नावानं ओळखतो. तंबाखू मागितली, दादानं दिली.
जीप आली. मागच्या बाकावर आबा, डोक्यावर नवी टोपी, पाडव्याच्या पिशवीतली. दादा पुढे झाला. आबांना उतरवायला त्यानं हात धरला, कोपराच्या वर, घट्ट. दोघं जीपच्या आडोशाला थांबलेत. दादा खाली वाकून काही बोलतो आहे. आबांचे फक्त पाय दिसतात. पाय अजून हललेले नाहीत.