सगळं हिरवं होतं

प्रिय अत्वूकी,

तुझा फोन लागत नाही. आधी वाटलं बॅटरी संपली असेल, तुमच्या बाजूला वीज कधी असते, कधी नसते. मग तुझ्या भावाकडून कळलं की तू तो बंद करून ट्रंकेत टाकला आहेस. म्हणून हे पत्र. क्येंजोजोला जाणाऱ्या टॅक्सीच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तुझ्या आईच्या दुकानासमोरच गाडी थांबते म्हणाला. आईला माझा नमस्कार सांग. त्यांचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते विचारणार होते, पण उत्तर यायला वेळ लागेल आणि तोवर मी विचारलेलं विसरून जाईन. हल्ली तसंच होतं माझं.

इथे सगळं ठीक चाललंय. तुझ्या जागी मासिंदीची एक मुलगी आली आहे, न्याकाटो नावाची. हात हलका आहे तिचा, शीर पटकन सापडते तिला. बोलते मात्र इतकी भराभर की रोगी माझ्याकडे बघून विचारतात, ही काय म्हणाली? मलाही आता प्रसूतीच्या वॉर्डात हलवलंय. मी स्वतःच मागून घेतलं. मेट्रन कबासिंगुझी म्हणाल्या, "अगं, तिथे कशाला? मुलांच्या वॉर्डातच राहा ना." मी म्हटलं, मला चालेल. त्यांनी सही केली. सगळ्यांना वाटतं मी तिथे रडेन. रडू येत नाही. येईल म्हणून वाट पाहायचे, तेही आता सोडलं. सकाळी उठते, चहा पिते, चालत येते, हात आपापलं काम करतात.

न्याकाटोला टॅबवरची यादी मीच शिकवली. डॉक्टरांनी काही लिहिलं की ते रोग्याच्या नावाखाली काम होऊन येतं, अमक्या वेळी इंजेक्शन, तमक्या वेळी नाडी, आणि ते करून टिक केलं की ओळ हिरवी होते. तिला शिकवताना तोंडून तुझंच वाक्य निघालं. तू आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतंस, "बायांनो, ही तुमची नवी सासू. तुम्ही विसराल, ही विसरणार नाही. वेळेत केलंत तर हसेल, उशीर केलात की लालबुंद!" सगळा वॉर्ड हसला होता. न्याकाटोपण हसली. मग म्हणाली, "हे कोण म्हणायचं?" मी म्हटलं, आमची एक मैत्रीण.

तुझा किती जीव होता त्या यादीवर. आम्ही बाकीच्या कुरकुरायचो, की फळ्यावर खडूने लिहायचो तेच बरं होतं. तू मात्र किबितोच्या आजींची गोष्ट काढायचीस. पाळी बदलताना त्यांची साखर तपासायची राहून गेली होती. यादीत ती एकच ओळ लाल झाली, तू पळत गेलीस, तर म्हातारी घामाने थंडगार पडलेली. साखरेचं पाणी पाजलंस. भानावर आल्यावर त्या तुला म्हणाल्या, "मुली, इतकं गोड कुणी करतं का?" ती गोष्ट खरीच होती. त्या यादीने माणसं वाचवली आहेत. चौकशी समितीसमोरही मी हे सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं की नाही, माहीत नाही.

मग भिंतीवर तो बोर्ड लागला. ज्या वॉर्डात लाल ओळी सर्वांत कमी, त्याचं सोमवारी बैठकीत कौतुक आणि सोड्याच्या बाटल्या. तुझा वॉर्ड जिंकायला लागला तेव्हा मला अभिमानच वाटला होता. तू मला तुझ्यातला अननसाचा सोडा अर्धा द्यायचीस. पण कामं वाढत गेली आणि नर्सेस तेवढ्याच राहिल्या. आधी आपण काम करून टिक करायचो. मग जाता जाताच टिक करायला लागलो, पुढच्या मिनिटाला करणारच आहोत म्हणून. कधीतरी नुसतंच टिक उरलं. हे असं करायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. मुलांच्या वॉर्डातही व्हायचं ते. काम झालं नाही असं लिहायला गेलं तर यादी कारण विचारायची आणि कारणं तिची तिनेच ठरवलेली. रोगी जागेवर नाही. रोग्याने नकार दिला. औषध शिल्लक नाही. माझे दोन्ही हात दुसऱ्या बाईत गुंतले आहेत, हे कारण त्यात नव्हतंच. आता आलंय. गेल्या आठवड्यात कंपालाहून ही यादी बनवणाऱ्यांचा एक माणूस आला आणि ते घालून गेला. 'कर्मचारी उपलब्ध नाही.' न्याकाटोने लगेच वापरलंसुद्धा.

आमच्या अड्येरीचं बाळ बरं आहे. अंग धरतंय. तिच्या नवऱ्याची, अरालीची बहीण स्वतःच्या बाळाबरोबर त्यालाही पाजते आणि उरलेल्या वेळी गाईचं दूध पातळ करून देतो. मुलगी आहे, तुला ठाऊकच आहे. आईने तिला अबोकी म्हणायचं ठरवलं. अरालीची मोटारसायकल दारात उभी असते, तो भाडी घेत नाही. मुलीला मांडीवर घेऊन बसतो आणि कुणी घ्यायला गेलं की म्हणतो, "असू दे, असू दे."

अड्येरीविषयी मला तुला काही सांगायची गरज नाही. तू तिला आमच्या घरी फ्रॉकमध्ये पाहिलंयस. नर्सिंगच्या शाळेतून सुट्टीला यायचो तेव्हा तुझ्या वेण्या ती घालायची आणि इतक्या आवळायची की तू म्हणायचीस, "ही माझी बहीण असती तर हिला मी नदीत सोडली असती." बाळंतपणाला तिने आपलंच रुग्णालय हवं असा हट्ट धरला, ते तू तिथे होतीस म्हणून. मला म्हणाली होती, "तू नकोस गं, तू ओरडतेस. मला अत्वूकी हवी." मीही म्हटलं, बरं झालं.

त्या दुपारी मी मुलांच्या वॉर्डात होते. बाळ झाल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या हातात एका पोराचं सलाईन होतं. सोडून येता आलं नाही. तासाभराने जरा उसंत मिळाली तेव्हा भिंतीला टेकून टॅबवर तुमच्या वॉर्डाची यादी उघडली आणि अड्येरीचं नाव शोधलं. नाडी, रक्तदाब, रक्तस्राव, गर्भपिशवी घट्ट आहे का, दर पंधरा मिनिटांची तपासणी. सगळं हिरवं. मला आठवतंय, मी त्या ओळींवरून बोट फिरवलं. मनात आलं, अत्वूकी आहे. टॅब बंद केला आणि पुढच्या पोराकडे गेले.

तू शेजारच्या खोलीत काबाहुमा नावाच्या त्या बाईजवळ होतीस, हे मला नंतर कळलं. तिला झटके येत होते. डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकलेले आणि तुझ्याबरोबरची नर्स त्यांच्यासाठी रक्त आणायला गेलेली. तू एकटीने तिला कुशीवर धरून ठेवलंस, इंजेक्शन दिलंस, जीभ चावू दिली नाहीस. समितीने हेही विचारलं. मी म्हटलं, दुसरं कुणी असतं तर काबाहुमा गेली असती. भिंतीच्या पलीकडे अड्येरी होती, तिच्या खोलीत आवाज नव्हता. रक्त जातं तेव्हा आवाज होत नाही, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

मेट्रन मला बोलवायला आल्या तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पण यादीत तर सगळं झालेलं दिसतंय." त्या मला ते दाखवत होत्या, टॅब माझ्यासमोर धरून. मला त्यांची कीव आली. मग कंपालाच्या त्या माणसाने यादीच्या पोटातलं उघडून पाहिलं. आपण टिक कधी केलं तेही ती लक्षात ठेवते म्हणे. चारही तपासण्या एकाच मिनिटात झालेल्या. वेळ लिहिलेली वेगवेगळी, टिक एकदम. त्याने हे अगदी हळू आवाजात सांगितलं.

काबाहुमा परवा आली होती. पाठीवर बाळ आणि डोक्यावर हिरव्या केळ्यांचा, मटोकेचा मोठा घड. वॉर्डाच्या दारात उभी राहून म्हणाली, "अत्वूकी नर्स कुठे आहे? तिने मला धरून ठेवलं होतं." मी म्हटलं, ती गावी गेली आहे. तिने घड माझ्या हाती दिला. "मग तुम्ही घ्या, तुम्ही तिच्याच ना?" मी हो म्हटलं. घरी नेला. सोलला, पानांत बांधून वाफवला, शेंगदाण्याचं कालवण केलं. आई जेवली, अरालीसुद्धा बऱ्याच दिवसांनी दोन घास जास्त जेवला. घड कुणाचा हे मी सांगितलं नाही. मीही जेवले. चव लागली नाही, पण हल्ली कशालाच लागत नाही, तो काही मटोकेचा दोष नाही.

समितीच्या कागदावर तुझं लाडाचं नाव नाही, पूर्ण नाव आहे, कुनिहिरा जेन. पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा क्षणभर कळलंच नाही कोणाबद्दल चाललंय. पुढची बैठक गुरुवारी आहे. त्यांनी मला नातेवाईक म्हणून विचारलं आहे की माझं म्हणणं काय. मी सांगणार आहे की तू न पाहता टिक केलंस. ते खरं आहे आणि माझी बहीण त्यात गेली. आणि हेही सांगणार आहे की त्या दुपारी सगळ्या वॉर्डाला तुम्ही दोघीच होतात, कारणांच्या यादीत खरं कारण नव्हतं, आणि भिंतीवर तो बोर्ड होता. बोर्ड आता काढलाय. भिंतीचा रंग तेवढा वेगळा दिसतो. तुझी नोकरी राहील असं मला वाटत नाही. राहावी असं मला वाटतं की नाही, तेही मला सांगता येत नाही. तुझा राग यावा असंही वाटून घेतलं. तो आला नाही.

हे काहीच सांगायला मी लिहायला बसले नव्हते, अत्वूकी. आई रोज संध्याकाळी मला एकच विचारते, "जाताना ती काय म्हणाली?" तिला तपासण्या कळत नाहीत, मिनिटं कळत नाहीत. ती म्हणते, नर्स होती ना तिथे, तिला माहीत असेल. समितीने सगळं विचारलं, हे कुणी विचारलं नाही. बाळ झाल्यानंतर तू तिच्याकडे एकदा तरी गेली होतीस का? दारातून तरी पाहिलंस का? ती जागी होती? तिने पाणी मागितलं का, मला बोलवा म्हणाली का, मुलीला पाहून हसली का? गेली असशील तर एक ओळ लिही, कशीही लिही. गेली नसशील तर तेही लिही. आईला काय सांगायचं ते माझं मी बघेन, आणि समितीला यातलं काही जाणार नाही. पण मला खरं कळू दे. तुझ्याशिवाय ते दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

तुझीच,
अब्वूली