बंधाऱ्यातल्या तिसऱ्या गाळ्याची धार

मंगळवार, कार्तिक, १९५४. दिवेलागण.

गड्यांनी बंधाऱ्याला बरगे, म्हंजे पाणी अडवायच्या फळ्या, लावल्या, हात झटकले आन चहाला गेले. फळ्यांच्या दोन रांगांमधी माती कोण भरणार, यांची आत्या? दोन खांबांमधल्या तिसऱ्या गाळ्यातनं मनगटाएवढी धार चालली हुती. पाणी असं गेलं तर उन्हाळ्यात ऊस वाळणार. आमचा बी आन पल्याडच्या गावचा बी.

आमच्या ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बायकांच्यानं नदी अडतीय व्हय?"

बरं म्हटलं. पल्याडच्यांशी जत्रेतल्या कुस्तीवरनं बोलणं बंद हाय. असंना का. काठावरनं मीच पल्याडच्या गंगूला वरडले, "गंगू, भांडण उद्या करू, आज चिखल आण!"

"तोंड हाय तसंच हाय की तुजं, म्हातारे!" म्हणाली, पण पाट्या आन सगळी आळी घेऊन आली.

मग इकडनं आमच्या बाया, तिकडनं त्यांच्या. गवत टाकायचं, चिकणमाती टाकायची आन वर नाचून दाबायची. मी बी नाचले, गंगूचा हात धरून. ह्या वयात! ती धार करंगळीएवढी झाली. मग नुसती थेंब थेंब. मग तेबी न्हाय. चढतं पाणी बघून दोन्ही काठांच्या बाया अशा वरडल्या की चहावाले गडी पळत आले.

मला का एवढा आनंद व्हावा? ऊस काय माझ्या एकटीचा न्हाय. म्हणूनच असंल.

उद्या चावडीत विचारतील, धार कुणी बुजवली? मी बोलणार न्हाय, गंगूनंबी बोलायचं न्हाय. आमच्या ह्यांनीच उभं राहून सांगायचं, "बायकांनी!" पल्याड ऐकू जाईल असं.