बर्लिनला राहिलेले तुकडे

१२ जाने. १९२९, अमरावती
बर्लिनच्या कंपनीचा करार आला. सही केली. कॅमेरा, कोरी फिल्म, कॅमेरावाला त्यांचा. गोष्ट, माणसं, जागा आमची. निगेटिव्ह तिकडे जाणार, जोडणी तेच करणार, हिंदुस्थानासाठी एक प्रिंट आम्हाला. भागीदार रहीमभाई अकोल्याहून आले, मिठीच मारली. "आपलं वऱ्हाड बर्लिनले जाऊन राह्यलं, भाऊ!"
पण नायिका नाही. मुंबईची बाई ऐन वेळी नको म्हणाली. सुभद्रा शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मी राह्यतो उभी. दुसऱ्याची बायको चालते, तुमची काहून नाही?"


४ फेब्रु., वलगाव
सु.च्या माहेरच्या मळ्यात शूटिंग. कुर्ट, तो जर्मन कॅमेरावाला, खुणांनी सांगतो, इकडे बघू नको. ही नेमकी तिकडेच बघते आणि हसते. शेवटी त्याने ते हसणंच घेतलं.
सासरे मळ्याच्या पार टोकाला, पाठमोरे. लेक सिनेमात उभी राहिली म्हणून अबोला.

२ एप्रिल
बडनेऱ्याला कुर्टला गाडीत बसवलं. निगेटिव्हचे डबे मांडीवर धरून बसला होता.

१९ जून
सु. गेली. आज आठवा दिवस. मुदतीचा ताप. सासरे आले तोवर तिला ओळख उरली नव्हती. त्यांचं बोलायचं राहिलंच.
शुद्धीत होती तेव्हा विचारलं, "तिकडच्या लोकाइले दिसली असन का मी?"
हो म्हणालो. खोटं.
घरात तिचा फोटो नाही. एकही.

९ सप्टें., अकोला
प्रिंट आली. सकाळी रहीमभाईंच्या थेटरात आम्ही तिघंच. सासरेही आले, जन्मात पहिल्यांदा सिनेमा.
मळा आमचा, बैल आमचे, नायिका भलतीच. बर्लिनची कोणी पोरगी, तोंडाला सावळा रंग फासलेला. सोबत पत्र : इकडच्या प्रेक्षकांना ओळखीचा चेहरा लागतो, म्हणून तेवढे प्रसंग नव्याने घेतले. सु. फक्त दुरून, पाठमोरी. एकदा मान वळवते, आणि वळता वळता तुकडा संपतो.
"माही पोरगी कोठी हाय?" सासऱ्यांनी विचारलं.
मी बोट दाखवलं तोवर ती गेली होती. रहीमभाईंनी तेवढाच भाग पुन्हा लावला. मग आणखी एकदा. सासरे उठून पडद्याजवळ गेले. "चाल तिचीच हाये," म्हणाले, आणि तिथेच खाली बसले.
दुपारी रहीमभाई म्हणाले, "चित्र चालन, भाऊ. पन तुमी म्हनान तसं. नाही लावायचं तं नाही लावू."
विचार करून कळवतो म्हणालो.

१० सप्टें.
कुर्टला पत्र टाकलं. कापलेले तुकडे शोध, कसेही. मग करार काढून वाचला. कापलेलं सगळं त्यांच्या मालकीचं. खाली माझीच सही.

२६ ऑक्टो., अमरावती
कुर्टचं पत्र. त्याने कंपनी सोडली. तुकडे गोदामात असतील, ओळखीच्या माणसाकडून शोधतो म्हणतो. त्याखाली लिहिलंय : जुन्या फिती इथे त्यांतल्या चांदीसाठी वितळवतात, फार आशा ठेवू नका.
सासरे आलेच होते. हल्ली दर आठवड्याला वलगावहून येतात, भाजीची पिशवी ठेवतात, ओसरीवर बसतात.
"जवाईबापू, काय लेहलं हाय?"
"शोधून राहिलाय, मामा."
"मंग सापडन."
पुढची ओळ मी वाचून दाखवली नाही. दिवाळीला चित्र लावायचं का, असं रहीमभाईंनी विचारलंय. त्यांनाही अजून काही कळवलेलं नाही.