छापील चुकीसकट

शिकागो,
१७ एप्रिल १९८८

प्रिय कांचन,

अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच टाकून देशील या भीतीने पत्ता टाइप केलाय. चार वर्षांत एक ओळ लिहिली नाही मी तुला. तुझा रेडमंडचा पत्ता आपल्या मराठी मंडळातल्या संध्याने दिला. डेव्हनच्या देशी दुकानांत किराणा घ्यायला गेले होते, तिथे भेटली. म्हणाली, कांचन सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे, गाडी घेतलीय आणि थंडीभर पाऊस पडतो म्हणून कुरकुरते. तू आणि कुरकुर! इथल्या बर्फात तू चपला घालून लॉन्ड्रीत जायचीस आणि वर मलाच म्हणायचीस, तुम्हा नागपूरकरांना थंडी जरा जास्तच वाजते. घाबरू नकोस, भांडायला लिहीत नाहीये.

यंदा डिपार्टमेंटने मला एक वर्ग स्वतंत्रपणे शिकवायला दिलाय. कुठला, ते ओळखलंच असशील. रिअल ॲनालिसिस, गणिताच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांचा. पहिल्या दिवशी फळ्यासमोर उभी राहिले तर नजर आधी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेली. त्र्याऐंशी साली याच वर्गात मी कोपऱ्यात तोंड फुगवून बसले होते ना! नागपूरची एम.एस्सी., विद्यापीठात पहिली, आणि इथे म्हणे तुमची बी.एस्सी. तीनच वर्षांची, आमची चार, तेव्हा आधी आमच्या पोरांबरोबर दोन कोर्स करा. त्यांत बी ग्रेड मिळाली नाही तर ॲडमिशन रद्द, म्हणजे सामान बांधा. माझ्या शेजारचा पोरगा समोरच्या खुर्चीवर पाय ठेवून च्युइंगम चघळायचा. मला वाटायचं, यांच्यापेक्षा मला जास्त येतं. येत होतंच की. अख्खं पुस्तक तोंडपाठ होतं.

तेच नडलं. इथले सर पेपर वाटतात आणि सरळ निघून जातात, मुलं कॉपी करणार नाहीत असं धरूनच चालतात. मला ते इतकं नवल वाटलं की पहिली दहा मिनिटं मी दाराकडेच बघत बसले. मग एकटाकी लिहून काढलं. चौथ्या प्रश्नाची सिद्धता पुस्तकात होती तशी, शब्दाला शब्द. पुस्तकात एके ठिकाणी 'पेक्षा लहान'च्या जागी 'पेक्षा मोठं' छापलं गेलं होतं. मीही तेच लिहिलं, छापील चुकीसकट. एवढं घोकून लक्षात ठेवणारं माणूस असू शकतं, हे आमचा वर्ग घेणाऱ्या लिंडक्विस्ट सरांच्या डोक्यात येणार तरी कसं? त्यांना वाटलं, त्यांची पाठ वळल्यावर मी पुस्तक उघडलं. त्यांची असिस्टंट म्हणून पेपर तपासायला तू होतीस, म्हणून त्यांनी तुला विचारलं.

तू काय सांगितलंस ते सरांनीच मला सांगितलं. 'तिने कॉपी केलेली नाही, तिला ते पाठ आहे. पण तिला ते समजलेलं नाही.' पहिल्या वाक्याने मला वाचवलंस आणि दुसऱ्याने मातीत घातलंस, असं मला तेव्हा वाटलं. पहिल्यावर थांबायला तुझं काय जात होतं? एका घरात राहतो, एका कुकरमधला भात खातो, आणि ही बया परक्या माणसासमोर माझी अब्रू काढते! मी तुझ्याशी बोलणं टाकलं. वर डेव्हनला, मंडळाच्या गणपतीत, जिथे जाईन तिथे सांगत सुटले की कांचनला माझा हेवा वाटतो. ते तुझ्या कानावर गेलं असणारच. तू कधी काही बोलली नाहीस. पुढच्या उन्हाळ्यात तू पीएच.डी. न करताच नोकरी धरून गेलीस, तेव्हा मी खिडकीतून टॅक्सी पाहिली आणि खाली उतरले नाही. याची मला लाज वाटते, कांचन.

सरांनी मला नापास केलं नाही, आणि पासही केलं नाही. दर गुरुवारी दुपारी त्यांच्या खोलीत फळ्यापाशी उभं करायचे, पुस्तकाशिवाय. तेच चौथ्या प्रश्नातलं प्रमेय घ्यायचे (दोन्ही टोकं धरलेल्या अंतरावर अखंड वक्र अमर्याद वर जाऊ शकत नाही, ते), त्यातली एक अट काढून टाकायचे आणि विचारायचे, आता काय बिघडेल? तीन गुरुवार मी खडू धरून नुसती उभी. चौथ्या गुरुवारी त्यांनी शून्य ते एक या अंतरातलं शून्याचं टोक तेवढं वगळलं, आणि मला एकदम दिसलं की एक भागिले एक्स त्या टोकाशी वर वर पळत सुटतं, त्याला अडवायला तिथे कुणी उरलेलंच नाही! मी ओरडलेच मराठीत. सर हसले, त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. नागपूरची पहिली आलेली मी, मला गणित पहिल्यांदा त्या दिवशी आलं. घरी धावत आले ते तुला सांगायला. तू भांडी घासत होतीस. आणि मग मला आठवलं की आपण बोलत नाही.

आता का लिहितेय ते सांगते. माझ्या वर्गात प्रतिमा नावाची मुलगी आहे, औरंगाबादची, माझ्यासारखीच तीन वर्षांच्या पदवीपायी मागे बसवलेली. मला ताई म्हणते, रविवारी पोहे खायला येते. तिचा पेपर तपासताना माझा हात थांबला. पानंच्या पानं पाठ. डिपार्टमेंटने मला विचारलं, हिला पुढच्या वर्गात घालायचं का? 'हो' म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मी म्हटलं, मुलगी हुशार आहे, पण तिला अजून समजलेलं नाही, हा कोर्स तिने पुन्हा करावा. इतकी वर्षं माझी तुझ्यावर एकच रास्त तक्रार होती, की तू आधी मला सांगायला हवं होतंस. म्हणून मी आधी तिला सांगितलं, जवळ बसवून. काही फरक पडला नाही. तेव्हा तीही तक्रार मी मागे घेते. काल ती जिन्यात समोरून आली आणि मान फिरवून खाली निघून गेली. मी कठडा धरून तिथेच उभी राहिले. तिने एकदाच मान फिरवली तर माझं हे झालं. तू माझी फिरवलेली मान सबंध वर्ष बघितलीस, त्याच घरात, आणि रोज माझ्या वाटणीचा भात शिजवत राहिलीस. तो मी मुकाट्याने जेवत होते.

तुझीच (अजून म्हणू देणार असशील तर),
मीनाक्षी