डमी आमदार

३ फेब्रुवारी, सोमवार
निवडून आले! 

उभा राहायचा होता दादा. माझा अर्ज नुसता डमी — मुख्य उमेदवाराचा बाद झालाच तर पक्षाची जागा हातची जाऊ नये म्हणून घरातलं कुणीतरी भरून ठेवतं, तसला. दादाच्या नावावर सरकारी ठेका चालू निघाला आणि छाननीत तोच उडाला. राहिले मी, गाडी शिकवणारी बाई. पोस्टरवर माझा चेहरा, पण दादाचा त्याहून मोठा.

मिरवणुकीत तो जीपमध्ये माझ्या मागे उभा होता, माझ्या मानेवर हात ठेवून. "काय माया आहे भावाची!" लोक म्हणत होते. दादाने मला कधी मारलं नाही. एक चापटसुद्धा नाही. मान धरतो, हळूहळू दाबतो आणि हसत राहतो.

५ फेब्रुवारी, बुधवार
विधानभवनातून फोन. नव्या सदस्यांची माहिती छापायची आहे. "व्यवसाय काय लिहू?" बाईंनी विचारलं. मी तोंड उघडेपर्यंत दादाने फोन काढून घेतला. "समाजसेविका लिहा. आवड — बागकाम." माझ्याकडे एक कुंडी नाही!

खरं इथे तरी लिहिते. शिक्षण बारावी. नवरा सोडून गेल्यावर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फोन उचलायला लागले. मालकाचा पाय मोडला, म्हणून शिकवायला बसले. मग स्वतःची जुनी गाडी घेतली, माझ्या बाजूलाही ब्रेक बसवून घेतला. निम्मं गाव माझ्या शेजारी बसून घाम गाळून शिकलंय. मला वाटतं मतं तिथून आली. दादा म्हणतो, त्याच्या नावावर आली. असेल बाई.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
सोमवारी शपथ. आरशासमोर दहादा वाचून पाहिली.

१० फेब्रुवारी, सोमवार
शपथ झाली. आवाज फुटेना. "मोठ्याने," कुणीतरी मागून ओरडलं.

बाहेर आल्याबरोबर दादा म्हणाला, "ठेका मेव्हण्याच्या नावावर केलाय. पुढच्या सोमवारी तू राजीनामा दे. पोटनिवडणुकीला मी."

"इतक्यात? लोकांनी मला —"

"लोकांनी कुणाला मत दिलं, बारके?" मानेवर हात.

आईला फोन केला. ती त्याच्याकडेच राहते. "दादा म्हणतो तसं कर. त्याचं डोकं फिरवू नकोस." दुसरं काय म्हणणार! लाडका लेक. लहानपणापासून दूध त्याला आणि शहाणपण मला. रडू आलं. रागही आला तिचा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
औषधाच्या दुकानवाल्या काकू सकाळीच हजर. "आमदार झालीस म्हणून माझा रिव्हर्स शिकवायचा राहणार का?" घेतली गाडी बाहेर. काकूंनी कचराकुंडी आडवी केली. कित्येक दिवसांनी पोट धरून हसले.

परतताना पुलाजवळचं वळण लागलं. शिकाऊ माणूस हमखास तिथे गडबडतो, समोरचं दिसतच नाही. मागच्या वर्षी दोघं गेले. घरी येऊन बांधकाम खात्याच्या इंजिनिअरला फोन लावला. तिथे सिग्नल हवा म्हणून आधी मी तीनदा अर्ज केले होते, तेव्हा याच माणसाने मला उभंही केलं नव्हतं. आता "हो मॅडम, हो मॅडम." संध्याकाळपर्यंत माणसं येऊन मोजमाप घेऊन गेली. सिग्नल बसतोय!

मला हे काम आवडायला लागलंय. राजीनामा द्यायचा नाहीये मला. 

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
दादाला सिग्नलचं कळलं. आला. सरळ स्वयंपाकघरात येऊन बसला. ओरडला नाही. गॅसचं बटण नुसतं उघडायचा, वास आला की बंद करायचा. पुन्हा उघडायचा.

"एकटी राहतेस. काळजी वाटते गं."

तो गेल्यावर सगळ्या खिडक्या उघडल्या. दाराला कडी लावून आतून खुर्ची टेकवली. पोलिसांना काय सांगू? भावाने काळजी केली म्हणून?

१६ फेब्रुवारी, रविवार
उद्या. देऊन टाकते. जीव वाचला म्हणजे झालं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
दादा मला विधानसभा अध्यक्षांच्या दालनापर्यंत घेऊन गेला. राजीनामा त्यानेच टाइप करून आणलेला, सही माझी. दारात शिपाई म्हणाला, "आत फक्त सदस्य." दादा हसला आणि बाकावर बसला.

अध्यक्ष म्हातारे. कागद वाचला, चष्मा काढला. "नियम आहे, मला विचारावं लागतं. हा तुम्ही स्वतःच्या इच्छेने देताय?"

पाठ करून आणलेलं "हो साहेब" जिभेवर होतं.   आणि तोंडातून निघालं, "नाही."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "मग मला स्वीकारता येत नाही." बंद दाराकडे एकदा पाहून म्हणाले, "मागच्या दाराने जायचंय का?"

मागच्या दाराने आले. टॅक्सी केली. फोन सारखा वाजतोय — दादा, दादा, दादा. उचलत नाही. हे काय करून बसले मी!

१८ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी दार वाजलं. फटीतून पाहिलं. आई, एकटी. वाटलं, त्यानेच समजूत घालायला पाठवली. आत आली आणि आधी कडी लावली. हातात कपड्यांची पिशवी.

"मला इथे राहू दे," म्हणाली. "मी घाबरते गं त्याला. तो दहा वर्षांचा होता, तेव्हापासून."