बाटलीवरचे नाव

मी, खाली सही करणारा, धंद्याने पाट्या रंगवणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. जावईबापूंनी हा कोरा कागद रोज चहाबरोबर समोर ठेवला, त्याला दबाव म्हणत नाहीत. माझी बुद्धी शाबूत आहे. माझी मूत्रपिंडेही शाबूत आहेत. हे घरात फक्त मला माहीत आहे आणि त्याचीच मला लाज वाटते. खुलासा कलम तीनमध्ये येईल. तिथवर पोचायला मला जरा वेळ लागेल.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा रंगाच्या डब्यांचा बोळ, माझ्या पश्चात संपूर्णपणे माझ्या पत्नीचे. तिच्या हयातीत कोणी वाटणीचा विषयही काढू नये, धाकट्या भावाने तर मुळीच नाही. त्याने माझी शिडी मागून नेली आणि तिच्यावर वेल चढवला. ती शिडी मी वेलासकट त्यालाच देतो.

कलम दोन. कुंचले आणि हात टेकायची काठी मुलीला. तिचे अक्षर माझ्यापेक्षा सरस आहे, हे मी तिला कधी बोललो नाही. शेजारच्या नळ दुरुस्तीवाल्याने माझ्या पाटीतला एक काना वाकडा असल्याची खोड काढली होती. त्याला काही मिळणार नाही. साक्षीला मात्र त्यालाच बोलावले आहे, कारण काना खरेच वाकडा होता.

कलम तीन. आम्हा दोघांनाही मधुमेह आहे. पत्नी पथ्य पाळते. मीही पाळतो, असा तिचा समज आहे. माझी गोड बिस्किटे बोळातल्या रिकाम्या डब्यात असतात. यंदाच्या तपासणीला दोघांची लघवी द्यायची होती. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या, कारण तपासणीवाल्याचे अक्षर मला बघवत नाही. आदल्या संध्याकाळी मी अख्खा पुडा संपवला होता. साखर उतरेल, डॉक्टरबाई चारचौघांत झापतील, या भीतीने मी न्हाणीघरात दोन्ही चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. आयुष्यभर परक्यांची नावे जागच्या जागी लिहिली आणि घरातली दोन हलवली.

डॉक्टरबाईंनी माझ्या नावाचा रिपोर्ट पुढे ओढला. "काका, लघवीतून प्रथिनं जातायत. साखरेमुळे मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या खराब व्हायला लागल्यात. यात दुखत नाही, म्हणून लोकांना कळत नाही. पण लवकर सापडलंय, आपण वेग कमी करू शकतो." मग त्यांनी सांगितले: साखर आणि रक्तदाब ताब्यात हवा, मीठ कमी, रक्तदाबाची एक गोळी रोज, ती मूत्रपिंडालाही जपते, आणि अंगदुखीच्या गोळ्या मनाने अजिबात नाहीत. पत्नीकडे वळून म्हणाल्या, "काकू, तुमचं मात्र छान आहे हं."

ती छान बाटली माझी होती, पुडा खाऊनही साखर उतरलीच नव्हती. तिथेच तोंड उघडायला हवे होते. बाहेर पडल्यावर सांगू म्हटले, तर ती रस्त्यातच माझ्यासाठी रडू लागली. तेव्हापासून माझी जीभ उचलत नाही.

आता ती माझे जेवण वेगळे, अळणी शिजवते आणि स्वतःच्या ताटात वरून मीठ घेते. दुहेरी स्वयंपाकाने तिचे गुडघे धरतात. मग ती दुखण्याची गोळी घेते आणि माझा हात चुकून जाऊ नये म्हणून पाकीट वरच्या फळीवर ठेवते. "तुम्हाला विष आहे हो ते," असे मला बजावते आणि स्वतः गिळते. मी समोर बसून बघतो. मला मात्र नको असलेल्या गोळीने रक्तदाब उतरून चक्कर येते. त्याच चकरांना घाबरून घरच्यांनी हा कागद आणला. इतका हलकट माणूस दुसरा कोणी असता तर मी त्याच्या दुकानाची पाटी रंगवली नसती.

कलम चार. हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडायचे नाही. सहीआधी पत्नीने वाचावे. तोंडाने सांगण्याची माझी लायकी उरलेली नाही. उद्याच डॉक्टरबाईंना सगळे सांगून तिची तपासणी पुन्हा व्हावी. माझ्या पाकिटातली गोळी तिने परस्पर घेऊ नये, तिची तिला लिहून मिळेल. अळणी जेवण दोघांचे एकच, आणि ते मी करीन.

पुरवणी. वरील मजकूर पत्नीने साक्षीदारांसमक्ष वाचला. कलम तीन तिने पुन्हा वाचले. जावईबापू काही बोलायला गेले, त्यांना तिने हातानेच थांबवले. मी म्हणालो, "हवं तेवढं रागव, पण उद्या चल."

तिने फळीवरून गोळ्यांचे पाकीट काढून केराच्या डब्यात टाकले.

"तुमच्या आमटीत मीठ चुकून पडलं की मला झोप लागायची नाही," ती म्हणाली. मी केराच्या डब्यावर झाकण ठेवले.

"उद्या बाटली कोरी आणा. माझं नाव मी लिहीन."

साक्षीदार: जावई (सही). शेजारचा नळ दुरुस्तीवाला (सही).

स्थळ: आमचे स्वयंपाकघर.

दिनांक: फेरतपासणीचा आदला दिवस.

लिहून देणार: पाट्या रंगवणारा (सही).

त्याखाली, पत्नीच्या हस्ताक्षरात: वाचले. माफीचे काय ते रिपोर्ट आल्यावर बघू.