विसावी चिठ्ठी

बेरेझोव्का,
८ नोव्हेंबर

प्रिय हेलाताई,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. आई बरी आहे, गाय व्यायली, बर्फ एकदा पडून गेलं. खुशाली संपली.

आता तुझा उपदेश. ‘प्रार्थना कर झेनेक, मन हलकं होईल.’ कारागांड्याच्या दवाखान्यात नर्स आहेस ना गं? मग हेच औषध?

हलकी झालेली मनं बघायची तर इथं ये. यानिनामावशीची वीस जणांची जपमाळ अजून चालू आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्साची उपासना झाली की चर्चच्या मागच्या खोलीत सगळे जण एका फरच्या टोपीतून चिठ्ठ्या उचलतात. चिठ्ठीत येशूच्या आयुष्यातला जो प्रसंग निघेल, तो मनात धरून महिनाभर रोज दहा मणी म्हणायचे, मण्याला एक प्रार्थना. विसांचे मिळून रोज एक अख्खी माळ. एकानं चुकवलं की सगळ्यांची तुटली. विसांत मिळून एक डोकं, तेही फाटकं!

म्हातारे युझेफ वारले आणि विसावी जागा मी घेतली. हसू नकोस. डेअरीतली ओतिलिया त्यात आहे. ती चिठ्ठी उलगडते तेव्हा ओठ दाताखाली धरते. तेवढं बघायला मी तासभर त्या बायांचं खोकणं ऐकायचो.

ऑक्टोबरभर एक मणी सरकवला नाही. मावशी रस्त्यात गाठायची, “झालं का रे बाळा?”

“झालं की, मावशी!”

गेल्या रविवारी ओतिलिया आपणहून माझ्याबरोबर चालत आली. म्हणाली, “मी गोळ्या सोडल्या.”

“कसल्या?”

“छातीत धडधडायचं ना, आत्ता मरते असं वाटायचं, त्याच्या. आता घाबरले की तुम्हा एकोणीस जणांची नावं घेते. तुझं शेवटी. एवढ्या जणांनी धरलंय, मग गोळ्या कशाला?”

ताई, तिनं माझं नाव घेतलं, तेवढंच मला ऐकू आलं. बाकीचं घरी आल्यावर ऐकू आलं.

तीन दिवस डेअरीकडे फिरकलो नाही. बुधवारी डेअरीत तिचे हात इतके थरथरत होते की दुधाचा कॅन आडवा झाला. मावशी दूध घ्यायला उभीच होती. तिच्यादेखत सांगून टाकलं, “मी एकदाही म्हटलं नाही. माळ पहिल्या दिवसापासून तुटलेली होती.”

ओतिलिया पांढरी पडली. “मग मी कुणाला धरून होते?” एवढंच म्हणाली.

मला वाटलं मावशी माझं थोबाड फोडेल. तर ती आधी ओतिलियावरच उखडली. “गोळ्या सोडायला तुला सांगितलं कुणी गं? मरियामातेनं? चाळीस वर्षं माळ म्हणतेय मी, आणि ब्लडप्रेशरची गोळी त्याच तोंडानं गिळतेय!” मग माझ्याकडे वळून, “आणि तू रे! एवढी थापेबाजी केलीस, तेवढ्यात शंभर मणी झाले असते.”

ओतिलिया माझ्याशी बोलत नाही.

काल मावशी घरी येऊन स्टुलावर बसली. “म्हण माझ्यासमोर.” दहा मणी म्हटले. मन हलकंबिलकं काही झालं नाही, तुझा सल्ला तुझ्यापाशी ठेव. फक्त दहा होईपर्यंत ती हलली नाही. इतका वेळ माझ्याशेजारी कुणी काही न विचारता बसलं नव्हतं, कॉलेज सोडल्यापासून.

प्राध्यापक गाढव होते म्हणून सोडलं, असं तुला लिहिलं होतं. गाढव होतेच. पण फेब्रुवारीत तीन आठवडे मी होस्टेलच्या खाटेवरून उठू शकलो नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचो. ओतिलिया तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हती, म्हणजे तिच्यावर ढकलता येत नाही.

सोमवारी ओतिलिया सकाळच्या बसनं तिकडे कारागांड्याला येतेय. मावशीनं कबूल करवून घेतलंय. स्टँडवर जा, डॉक्टरांकडे तिचा नंबर लाव. माझं नाव काढू नकोस.

आणि मंगळवारचा आणखी एक नंबर लाव. तिथं माझं नाव घाल. आईनं विचारलं तर सांग, मी कामधंदा बघायला आलोय.

तोंडाळपणा कायम ठेवून, पण येणारा,
तुझा झेनेक